प्रचंड दाबाखाली ॲल्युमिनियमचा चुरा होईल का?

तुम्ही विचारलंय, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये प्रेसवर वाकवताना ॲल्युमिनियमच्या पट्टीला तडा गेला. मग पृथ्वीच्या पोटातल्या दाबाखाली अशा हलक्या धातूचा चुराच होत असेल का?

नाही हो. उलट तो ताठ होत जातो. मी त्याच उद्यमबागेत आठ वर्षं हायड्रॉलिक प्रेसवर काढली आणि आता बेळगावातच कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक आहे.

प्रेसखाली धातू पसरतो, कारण त्याला बाजूला सरकायला जागा असते. चहूबाजूंनी सारखा दाब आला तर सरकणार कुठं? अणू जवळ येतात, एवढंच. त्यालाही कमी जोर लागत नाही: ॲल्युमिनियमचं आकारमान सुरुवातीला एक टक्का घटवायचं तर सुमारे पाऊण गिगापास्कल, म्हणजे 7500 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). आमच्या गेजचा काटा 350 वर गेला की आम्ही मागं सरकायचो! आणि जितकं दाबाल तितका पुढचा टक्का महाग पडतो.

217 गिगापास्कलच्या आसपास आकारमान जवळजवळ निम्मं होतं आणि तिथं अणूंची रचना बदलते. एवढा दाब दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, केसाहून बारीक नमुन्यावर देतात आणि आतली रचना क्ष-किरणांनी वाचतात. गणपत गल्लीत मोसंब्यांचे ढीग बघितलेत ना? दोन थर रचून झाले की तिसरा दोन तऱ्हांनी बसवता येतो. दोन्हीत जागा सारखीच, 74 टक्के, भरते. ॲल्युमिनियम पहिल्या तऱ्हेतून दुसरीत जातं. पुढं 321 गिगापास्कलला, लेझरच्या प्रयोगात, ते चक्क 68 टक्केच भरणाऱ्या रचनेत गेलेलं दिसलं. दाबल्यावर सैल रचना? मलाही हे आधी पटेना. पण अणू म्हणजे टणक मोसंबी नव्हेत. ढिगाचा आकार खरं तर इलेक्ट्रॉन ठरवतात, आणि दाबानं त्यांचंच गणित बदलतं. मॅग्नेशियम 50 गिगापास्कललाच असं वळण घेतं.

खरी गंमत सोडियमची. साधा, सुरीनं कापता येणारा धातू, 98 अंशांना वितळणारा. दाबत गेलं की त्याचा वितळणबिंदू चढतो, 30 गिगापास्कलला 700 अंशांच्या वर जातो आणि मग घसरायला लागतो. 118 गिगापास्कलच्या आसपास सोडियम जवळजवळ खोलीच्या तापमानालाच वितळतं! अणूंचे गाभे इतके जवळ येतात की मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन अणूंमधल्या पोकळ्यांत कोंडले जातात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 200 गिगापास्कलला सोडियम पारदर्शक झालेलं दिसलं. इलेक्ट्रॉन मोकळे नाहीत, मग प्रकाश अडवणार कोण? लिथियमही 80 गिगापास्कलच्या आसपास धातूपण सोडून अर्धवाहक (सेमीकंडक्टर) होतं.

म्हणजे ताठपणा वाढतो तो सगळीकडून दाबण्याला. एखाद्या दिशेनं रेटण्याला, ज्याला आपण शिअर म्हणतो, होणारा विरोध रचना बदलायच्या आधी काही धातूंत उलट ढिला पडतो. बदल येतोय याची ती चाहूल असते.

आता तुमची पट्टी. तिला तडा दाबानं गेला नाही, ताणानं गेला. वाकवताना बाहेरची बाजू ओढली जाते, तडा तिथूनच सुरू झाला असणार, बघून घ्या. वाकवायची त्रिज्या मोठी ठेवा. पट्टी कडक टेम्परची, म्हणजे कारखान्यात मुद्दाम कडक केलेली, असेल तर अंगाचा साबण चोळून तो काळा पडेपर्यंत बर्नरनं तापवा, गार होऊ द्या, मग वाकवा. नरम झालेल्या जागेची ताकद मात्र कमी होते, तेव्हा भार घेणाऱ्या पार्टला हे करू नका.