वाचकांचे प्रश्न : आशा वाटत नाही तेव्हा

प्रश्न : गेली सहा वर्षे माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिची सगळी शुश्रूषा मीच करते. दर रविवारी उपासनेला जाते, वचन वाचते, प्रार्थनाही चुकवत नाही. परंतु आई बरी होईल अशी आशा आता मला वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर कशाचीच आशा वाटत नाही. मंडळीतील लोक भेटले की 'विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल' असे म्हणतात आणि मला अधिकच अपराधी वाटते. आशा वाटत नाही म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

उत्तर : नाही, भगिनी, तसा अर्थ होत नाही. आपल्या पत्रात 'वाटणे' हा शब्द वारंवार आला आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. आशा ही वाटण्याची गोष्ट आहे असे आपण सारेच धरून चालतो, कारण रोजच्या बोलण्यात ती तशीच येते. पवित्र शास्त्रात मात्र ती पुष्कळदा धरण्याची गोष्ट आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायात तिला जिवाचा नांगर म्हटले आहे. (हा नांगर जहाजाचा, शेतातला नव्हे, लहानपणी मी बरीच वर्षे तो शेतातलाच समजत होतो.) नांगर टाकल्याने लाटा थांबत नाहीत आणि जहाजाचे डोलणेही थांबत नाही, ते वाहून जात नाही, एवढेच. शिवाय नांगर पाण्याखाली असतो, त्यामुळे जहाजावरच्या माणसाला तो दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

आपण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, नगर पडणार हे यिर्मयाने स्वतःच सांगितले आहे आणि तसे सांगितल्याबद्दल राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येतो आणि अनाथोथ येथील शेत विकत घे, असे म्हणतो. अनाथोथ यरुशलेमच्या अगदी जवळचे गाव. सगळा मुलूख शत्रूच्या हाती जाऊ लागलेला असताना शेत विकायला काढणाऱ्याचा हेतू समजतो, विकत घेणाऱ्याचा समजत नाही. तरीही देवाच्या सांगण्यावरून यिर्मया 17 शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार बोलावतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवतो आणि दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या पात्रात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो.

आपल्यासाठी महत्त्वाचे आहे ते यानंतरचे. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या लांबलचक प्रार्थनेचा शेवट उघड गोंधळात होतो : नगर तर खास्द्यांच्या (म्हणजे बाबेलच्या लोकांच्या) हाती जात आहे आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस! म्हणजे पैसे मोजताना त्याच्या मनात प्रसन्न खात्री होती असे समजण्याचे कारण नाही. खरेदी आधी झाली, मनातला प्रश्न नंतर बोलून दाखवला गेला, आणि देवाने त्या प्रश्नाबद्दल त्याला दोष दिला नाही. त्या शेतात यिर्मयाने कधी पीक घेतल्याचा उल्लेख नाही. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेले.

आपण रोज सकाळी आईची कूस बदलता, तिच्या तोंडावरून ओला कपडा फिरवता, औषधाची वेळ पाळता. मला हे त्या खरेदीखतासारखेच दिसते. माझ्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीची स्मृती पूर्णपणे गेली होती आणि पतीलाही त्या ओळखत नव्हत्या. ते रोज सकाळी तिची वेणी घालत आणि दोन रिबिनी तिच्यासमोर धरून 'आज कोणती?' असे विचारत. उत्तर येत नसे. ते थोडा वेळ थांबत, मग स्वतःच एक निवडत. त्यांना आशा वाटत होती की नाही, हे मी कधी विचारले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही रिबिनी समोर येत.

आता 'सगळे ठीक होईल' या वाक्याविषयी. ते प्रेमापोटी बोलले जाते हे मान्य करूनही मला ते आवडत नाही, कारण ज्या अर्थाने ते बोलले जाते त्या अर्थाने तसे वचन देवाने दिलेले नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत सलणारी एक पीडा, दूर व्हावी म्हणून तीनदा विनंती केली. कृपा मिळाली, काटा राहिला. 88वे स्तोत्र तर काळोखाच्या उल्लेखावरच संपते, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही, आणि तरीही ते उपासनेत गाण्याच्या संग्रहात ठेवले गेले आहे. ख्रिस्ती आशेचा पाया आपल्या आजाऱ्याच्या प्रकृतीत होणाऱ्या सुधारणेवर नाही. तो ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आहे. आई बरी झाली नाही तरी तो पाया हलत नाही. पुनरुत्थानाविषयी पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात 58 वचने लिहिली आणि शेवटच्या वचनात तो काय सांगतो पाहा : प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. येथे त्याने वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दात थकवा आणणाऱ्या कष्टांचा अर्थ आहे. त्यापुढचा विषय थेट वर्गणीचा आहे, पवित्र जनांसाठी दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला काढून ठेवा, असा. अध्यायांची विभागणी 13व्या शतकातली, त्यामुळे पहिल्या वाचकांनी मृत्यूवरील विजय आणि वर्गणीचा हिशेब एका दमात ऐकला असणार.

एक व्यावहारिक गोष्टही सांगतो. मार्काच्या 2ऱ्या अध्यायात चार माणसे एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट छप्पर उघडून खाली सोडतात आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तेथे लिहिले आहे. त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचा. सहा वर्षे आपण एकट्या चारही कोपरे धरून आहात. पुढच्या वेळी कोणी 'सगळे ठीक होईल' म्हणाले, तर त्यांना नम्रपणे सांगा की बुधवारी दुपारी तीन तास येऊन आईजवळ बसा. सगळेच येणार नाहीत, पण एखादी तरी येईल. त्या तीन तासांत घरातले दुसरे काम काढू नका.

प्रश्न : मी हिशेबाचे काम करतो. वर्षअखेरीस न आलेला माल आल्याची नोंद करण्यास वरिष्ठ सांगतात. नकार दिला तर नोकरीवर गदा येईल, होकार दिला तर मन खाते. मी ख्रिस्ती आहे हे सर्वांना माहीत असल्याने माझी साक्ष, म्हणजे वागण्यातून लोकांना दिसणारा माझा विश्वास, कशी राहील, याचीही चिंता वाटते.

उत्तर : बंधू, नोंद खोटी आहे, तेव्हा ती करू नये, यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लिहिण्यासारखे आहे ते नकार कसा द्यावा याविषयी, कारण तेथे आपण ख्रिस्ती लोक पुष्कळदा चुकतो आणि नकाराबरोबर एक प्रवचनही देऊन टाकतो.

दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, बाबेलात बंदी म्हणून नेल्यावर तेथील राजाचे अन्न न घेण्याचा निश्चय झाला, तेव्हा दानीएल परवानगी मागतो. अधिकारी सरळ सांगतो की मला राजाचे भय आहे, तुम्ही रोडावलात तर माझे शिर जाईल. दानीएल त्याच्या भित्रेपणाची निंदा करीत नाही. त्या भयाची दखल घेऊन तो देखरेख करणाऱ्यापुढे मार्ग ठेवतो : 10 दिवस आम्हांला शाकान्न आणि पाणी देऊन पाहा, मग आमचे चेहरे पाहून ठरवा. निश्चय अढळ आहे, पण समोरच्याची अडचणही त्याने आपली मानली आहे. आपले वरिष्ठही बहुधा कोणाच्या तरी दडपणाखाली असतील. त्यांना एकांतात भेटा, अमुक माल अमुक तारखेला येणे आहे अशी खरी नोंद करून सोबत खुलाशाचे टिपण जोडण्याची तयारी दाखवा आणि ते टिपण स्वतः लिहून न्या.

एवढे करूनही नोकरी जाऊ शकते, हे लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. म्हणून घरच्यांशी आधी बोला आणि शक्य असेल तर दुसरे काम शोधण्यास आजच सुरुवात करा. असे करणे म्हणजे अविश्वास नव्हे. साक्षीची चिंता मात्र थोडी बाजूला ठेवा. तुमच्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर देण्यास सिद्ध असा, असे पेत्र लिहितो, आणि ते सौम्यतेने द्यावे असेही सांगतो. आधी कोणी तरी विचारायला हवे, हे त्यात गृहीत आहे.

प्रश्न : दोन लहान मुले आणि नोकरी यांत प्रार्थनेला शांत वेळ मिळतच नाही. रात्री बसले की डोळा लागतो. काय करावे?

उत्तर : ब्रदर लॉरेन्स हे 17व्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाईट (एका कॅथलिक संन्यासी संघाच्या) मठात स्वयंपाकघरात काम करीत. त्या कामाची त्यांना मुळात नावड होती, पण भांड्यांच्या खडखडाटातही देवाशी बोलण्याची सवय त्यांनी अनेक वर्षे लावून घेतली. त्यांना मुले नव्हती, हे आपण मनात म्हणाल आणि ते रास्तच आहे. म्हणून मी आपल्याला आणखी एक तास काढा असे सांगणार नाही. मुलाच्या बुटाची नाडी बांधताना त्याचे नाव घेऊन एक वाक्य देवाशी बोला. रात्री डोळा लागला तर लागू द्या. एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने त्याला उठवून खाऊ घातले, तो पुन्हा झोपला, तेव्हा पुन्हा उठवून खाऊ घातले; देवाने त्याला 'तू येथे काय करीत आहेस' असे विचारले ते त्यानंतर, 40 दिवसांची वाट चालून झाल्यावर.