काका, तो पाय काकूंना अजून ओळखीचा झालेला नाही

कऱ्हाडहून एका काकांचं पत्र आलंय. काका एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. काकू ६३ वर्षांच्या, त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलून दहा आठवडे झाले. घरी फिजिओ बारा दिवस येत होते, मग खर्च झेपेना म्हणून बंद केलं आणि तेव्हापासून काकाच त्यांना चालवतात, रोज किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहून ठेवतात. काकू अजून वॉकर सोडत नाहीत. काठी आणली तर दोन दिवस उजव्या हातात धरली आणि कोपऱ्यात ठेवून दिली. शेजारच्या बाईंनी दोन्ही गुडघे एकदम केले आणि त्या दीड महिन्यात प्रीतिसंगमावर फिरायला जायला लागल्या. मग एक दिवस काका चिडून बोलले, "तुला चालायचंच नाहीये, आळस भरलाय अंगात." तेव्हापासून काकू कामापुरतंच बोलतात. आणि एकदा रडता रडता म्हणाल्या, "हा पाय माझा वाटतच नाही." काका विचारतात, माझं चुकलं का, आणि हिला चालती कशी करू?

काका, चुकलं. सरळच सांगते, कारण तुम्ही सरळ विचारलंय. पण रात्री दोनदा उठून बायकोला बाथरूमपर्यंत धरून नेणारा माणूस बायकोचं वाईट चिंतत नाही हेही मला दिसतंय, आणि ते काकूंनाही माहीतच असणार, म्हणूनच तो शब्द जास्त लागलाय.

"हा पाय माझा वाटत नाही" हे जे काकू म्हणाल्या ना, तुमच्या चार पानी पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. तो रुसवा नाहीये, खरंच तसं वाटतं. आपण वाटी बदलली म्हणतो पण प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं कापून त्यावर धातू बसवतात आणि मधे प्लास्टिक, त्यामुळे चालताना टक्‌ टक्‌ आवाज येतो, बाई घाबरते की काहीतरी सुटलं आत. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर होते, हात फिरवला तर कापडावरून फिरवल्यासारखा लागतो. गुडघा हाताला गरम लागतो, सूज संध्याकाळी वाढते, हे सगळं चार-सहा महिने, कधी त्याहून जास्त चालतं. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात निम्मी ताकद गेलेली असते म्हटलं तरी चालेल, ती भरून यायला महिने लागतात. म्हणजे गुडघा दगा देईल ही भीती काकूंच्या मनाचे खेळ नाहीत, पाय खरंच लटपटतो.

माझ्या आईचं सांगते. तिचंही असंच एका गुडघ्याचं झालं होतं, मी तीन महिने तिच्याकडे राहिले होते. सातव्या आठवड्यात सुद्धा ती एका बाजूला कलून चालायची आणि मी मागून सारखी, "आई सरळ चाल, आई सरळ चाल." एक दिवस दारातल्या तिच्या चपला पुसायला घेतल्या तेव्हा बघितलं, दोन्हीच्या टाचा बाहेरच्या कडेनं पार तिरप्या झिजलेल्या, आतली कड जवळजवळ नवीन. पंधरा वर्षं तिचे पाय गुडघ्यात बाहेर वाकलेले होते, धनुष्यासारखे, त्यामुळे सगळा भार बाहेरच्या कडेवर. ऑपरेशनने एक पाय सरळ झाला आणि आम्ही त्या सरळ पायात तीच तिरपी चप्पल घालून तिला चालवत होतो! आणि दुसरा पाय अजून वाकडाच, म्हणून तिला वाटायचं की एक पाय लांब झालाय. ती खोटं सांगत नव्हती. पंधरा वर्षं वाकडं चाललेल्या शरीराला एकदम सरळ पाय दिला तर त्याला तो परकाच वाटणार ना. तुम्ही आजच काकूंच्या चपला उलट्या करून बघा. झिजल्या असतील तर टाकून द्या, मागे पट्टा असलेल्या, सपाट, न घसरणाऱ्या नव्या आणा आणि घरातही त्याच घालू द्या.

शेजारच्या बाईंचं नाव मात्र घरात काढू नका. त्यांचे दोन्ही गुडघे एकदम झाले म्हणजे दोन्ही पाय एकसारखे सरळ. काकूंचा डावा गुडघा जुनाच आहे, दुखरा, आणि दहा आठवडे जास्तीचा भार तोच उचलतोय. त्या दोघींची तुलना होऊच शकत नाही. (डाव्याचं ऑपरेशन कधी, हा विषयही आत्ता नको. वाजपेयींचा सुद्धा डावा गुडघा मुंबईत २००० च्या ऑक्टोबरमध्ये केला होता आणि उजवा २००१ च्या जूनमध्ये, मधे आठ महिने गेले होते. एक पाय बसू दे आधी.)

आता उशी. तुम्ही लिहिलंय की रात्री ठणकतो म्हणून मी तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी देतो. काका, मायेनं देताय पण ती उशी काढा. तेवढं बरं वाटतं, पण गुडघा रात्रभर वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो, मग सकाळी पाय पूर्ण सरळ होत नाही आणि सरळ न होणाऱ्या पायावर माणूस लंगडणारच, कितीही फेऱ्या मारा. सगळे विचारतात किती वाकतो, किती वाकतो, सरळ किती होतो ते कोणी विचारतच नाही. टॉवेलची गुंडाळी करा आणि टाचेखाली द्या, गुडघा मधे अधांतरी राहू दे, आपल्या वजनाने खाली जाईल. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दुखेल, ओढ बसेल, तेव्हा शेजारी बसून गप्पा मारा. सूज उतरवायला पाय उंच ठेवायचा असेल तेव्हा पण आधार टाचेला आणि पोटरीला द्यायचा, गुडघ्याला नाही.

काठी डाव्या हातात. म्हणजे ऑपरेशनच्या उलट्या बाजूला, काठी आणि उजवा पाय एकदम पुढे. उजव्या हातात धरली तर शरीर त्याच बाजूला झुकतं आणि काठीचा काही फायदाच होत नाही, काकूंनी दोन दिवसांत ती टाकून दिली यात मला नवल वाटत नाही. उंची मनगटाएवढी, हात सरळ खाली सोडून उभं राहिल्यावर. पण एकदम वॉकर हिसकावून घेऊ नका, आधी घरातल्या घरात, ओट्यापासून टेबलापर्यंत. पाऊल टाकताना टाच आधी टेकली पाहिजे, बऱ्याच जणी भीतीने पूर्ण तळवा आपटतात आणि गुडघा ताठ ठेवतात. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा आधी खाली.

आणि ती वही. फेऱ्या मोजून काही होत नाही, तासभर एकदम चालवण्यापेक्षा पाच-सात मिनिटं दिवसातून पाच वेळा बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि कमी करा, बंद नाही करायचं. चालून आल्यावर बर्फ, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. वही ठेवायचीच तर काकूंच्या हातात द्या, त्यांना काय लिहायचं ते त्या लिहितील.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना भेटा आणि गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो ते मोजून घ्या. तुम्ही म्हणताय नव्वद अंशांच्या आसपास वाकतो. तेवढा दोन आठवड्यांत अपेक्षित असतो, दहा आठवड्यांना ते कमी आहे, खुर्चीतून हात न टेकता उठायलाच त्याच्या जरा वर लागतं. गुडघा खूपच आखडला असेल तर भूल देऊन वाकवून देतात, पण त्याचा उपयोग साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त होतो, म्हणून "बघू, होईल हळूहळू" असं म्हणत बसू नका. फिजिओ रोज परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी, व्यायाम बघून, शिकून यायचं आणि बाकीचे दिवस घरी करायचे. जायच्या आधी अर्धा-पाऊण तास डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घेऊ द्या, सहन करण्यात काही मोठेपणा नाही. आणि पोटरी दुखून सुजली, दम लागला, छातीत दुखलं, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, त्याच तासाला जायचं.

बाथरूमला भिंतीत पकडायला दांडा बसवलाय का? पत्रात त्याबद्दल काही नाही. नसेल तर काठीच्या आधी तो. रात्री तुम्ही धरून नेता ते ठीक, पण ६३ वर्षांच्या बाईला प्रत्येक वेळी नवऱ्याला हाक मारून उठवायला नको वाटतं, मग ती पाणीच कमी पिते. माझी आई हेच करत होती, आम्हाला किती उशिरा कळलं.

बोलायचं काय, ते मी लिहून देऊ शकत नाही. पण "मला माहीत नव्हतं तुझा पाय असा वाटतो तुला" इतकं म्हणा, आणि मग त्या बोलतील तेव्हा मधे सल्ला देऊ नका. चालताना पुढे जाऊन "चल चल" करू नका, त्यांच्या उजव्या अंगाला, म्हणजे ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. डॉक्टरांनी हो म्हटलं की एक दिवस रिक्षाने प्रीतिसंगमावर न्या, त्यांना तिथं रोज जायची सवय होती ना. उन्हं उतरल्यावर, गर्दी नसताना. नुसतं बाकावर बसा, कृष्णा-कोयना बघा, त्यांना वाटलं तर त्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत चालतील, नाही वाटलं तर नाही, रिक्षाने परत या.

काकूंना माझा नमस्कार सांगा. डॉक्टरांनी मोजून किती सांगितलं ते कळवा, आणि हो, चपलांचं काय निघालं तेही.