पहिल्यांदा कोंचा करणाऱ्यांसाठी
मेक्सिकन गोड पाव शिकायचा असेल तर सुरुवात कोंचापासूनच करा, म्हणजे वर शिंपल्यासारखी नक्षी असलेल्या गोल पावापासून. मळताना लोणी आधी घालू नका. मैदा, अंडी, दूध, साखर आणि यीस्ट एकत्र करून, पीठ ताणलं तरी फाटणार नाही इतकं मळा. मग मऊ लोणी थोडंथोडं जिरवा. वरच्या थरासाठी मैदा, पिठीसाखर, लोणी समान वजनाने घ्या. गोळे दुसऱ्यांदा फुगायला ठेवण्याआधीच तो थर लावून शिंपल्यासारख्या रेषा कोरा, म्हणजे फुगताना त्या आपोआप उघडतात. फार उबदार जागी ठेवलं तर लोणी वितळून थर ओघळतो. इथे धीर हवाच.

आणि दोन-चार नको, ताटभर करा! तिकडे हा पाव संध्याकाळी घरची सगळी मिळून खातात, गरम चॉकलेटात किंवा दालचिनीच्या कॉफीत बुडवून.

हात बसला की ६ जानेवारीचा रोस्का दे रेयेस, म्हणजे तीन राजांच्या सणाचा कड्यासारखा गोड पाव, करून बघा. त्यात लपवलेली बाळ येशूची छोटी मूर्ती ज्याच्या तुकड्यात निघते, त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस (मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले) खाऊ घालायचे असतात. मूर्ती प्लास्टिकची असेल तर भाजून झाल्यावरच खालून खुपसा, आणि लहान मुलांना आधी सांगून ठेवा.