'गिव्ह द वॉल' : भिंत द्यायची म्हणजे काय द्यायचं?

प्रश्न असा आला आहे : जुन्या इंग्रजी लेखनात 'ही गेव्ह हर द वॉल' असं वाक्य भेटतं, त्याचा अर्थ काय? बाईबरोबर चालताना पुरुषाने रस्त्याकडच्या बाजूने चालावं, या रिवाजाशी त्याचा काही संबंध आहे का? आणि मराठीत ते कसं लिहावं?

संबंध आहे, आणि थेट आहे. 'गिव्ह द वॉल' म्हणजे समोरून येणाऱ्याला किंवा सोबत्याला भिंतीलगतची वाट सोडून आपण रस्त्याच्या बाजूला सरकणं. 'टेक द वॉल' म्हणजे ती वाट आपण बळकावणं. भिंतीलगतची ती चिंचोळी पट्टी एवढी मोलाची का, हे कळायला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं लंडन नजरेसमोर आणायला हवं. अरुंद गल्लीत दोन्हीकडून उतार मध्यावर यायचा आणि तिथून उघडं गटार वाहायचं. रुंद रस्त्यांना अशी दोन गटारं असत. छपराच्या पन्हळींची तोंडं पुढे काढलेली, त्यामुळे पावसाचं पाणी वरून धो धो रस्त्यात पडे. वरच्या मजल्यावरची घाणही खिडकीतून खालीच. जुन्या लाकडी घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा पुढे आलेले असत, म्हणजे भिंतीला धरून चालणारा आपसूक वळचणीला असायचा. त्याचं डोकं कोरडं, पाय कोरडे, आणि गाडीच्या चाकाने उडवलेला चिखल दुसऱ्याच्या अंगावर. उंच बांधलेला फुटपाथ जवळजवळ कुठेच नव्हता; मोठ्या रस्त्यांवर चालणाऱ्यांची जागा राखायला फार तर खांब रोवलेले असत.

या गटाराला इंग्रजीत 'केनेल' म्हणत. कुत्र्याच्या घराशी त्याचा काही संबंध नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आलेला, 'कॅनॉल' आणि 'चॅनल' यांचा भाऊबंद. भाषांतरात इथे हमखास घसरगुंडी होते. 'त्याला केनेलमध्ये ढकललं' याचं 'कुत्र्याच्या खुराड्यात ढकललं' असं करू नये, 'गटारात ढकललं' एवढंच आहे ते. फ्रेंचमध्ये हीच रस्त्याची ठेवण दुसऱ्या वाक्प्रचारात टिकली : 'तनीर ल ओ द्यु पाव्हे', म्हणजे फरसबंदीचा उंच भाग धरून ठेवणं. उतार मध्याकडे, म्हणून उंच भाग भिंतीकडे. आज त्याचा अर्थ समाजात वरचं स्थान असणं असा होतो.

त्या अर्थातच मूळ गोष्ट दिसते. हा रिवाज आधी स्त्रीदाक्षिण्याचा नव्हता, मानपानाचा होता. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकात कॅप्युलेट आणि माँटेग्यू ही दोन वैरी घराणी आहेत. पहिल्याच प्रवेशात कॅप्युलेटांचा नोकर सॅम्प्सन बढाई मारतो की माँटेग्यूंच्या घरचा पुरुष असो की बाई, मी भिंत घेणार. त्याचा सोबती लगेच चिमटा काढतो : भिंतीला लागतो तो दुबळा. 'टेक द वॉल' (भिंत घेणं) आणि 'गो टू द वॉल' (भिंतीला लागणं, म्हणजे हार खाणं) या दोन वाक्प्रचारांत 'भिंत' उलट अर्थांनी येते, आणि सगळी कोटी त्यावर उभी आहे. मराठीत दोन्हीकडे 'भिंत' हा शब्द ठेवला तरच ती पोचते.

नियम सर्वांत तपशिलात मिळतात ते इंग्रज कवी जॉन गे याच्या १७१६ सालच्या 'ट्रिव्हिया' या कवितेत. लंडनच्या रस्त्यांवर चालावं कसं, हाच तिचा विषय. भिंत कोणाला द्यावी? डोक्यावरून ओढणी घेतलेल्या बाईला. थरथरत्या म्हाताऱ्याला धक्का देऊ नये, ओझ्याखाली वाकलेल्या हमालाला वाट मोकळी करावी, आंधळ्याला रस्ता दाखवावा, लंगड्याला गर्दीपासून जपावं. पावडर लावलेला केसांचा टोप घालणाऱ्या छानछोकी माणसापासून मात्र, पिठाच्या गिरणीवाल्यापासून राहावं तसं, लांब राहावं, पावडर अंगावर उडते. आणि हॅट तिरकी करून ऐटीत येणाऱ्या दांडगटाला वाट मुळीच देऊ नये, सरळ गटाराच्या कडेला लोटावं. तो तोंडातल्या तोंडात शिव्या देत निघून जातो. या यादीत बाई ही अनेकांतली एक आहे, हे फार महत्त्वाचं.

आपल्याकडच्या वाचकाला ही यादी अनोळखी वाटणार नाही. मनुस्मृतीत (२.१३८) 'पन्था देयः', म्हणजे वाट द्यावी, असं सांगताना वाहनातला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझेवाला, स्त्री, स्नातक (गुरुकुलातलं अध्ययन संपवलेला), राजा आणि नवरदेव अशी नावं येतात. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असं समजू नये. वाट अरुंद असली की प्रश्न सगळीकडे तोच पडतो.

बदल कधी झाला? अठराव्या शतकातला इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन सांगत असे की त्याच्या आईच्या काळी लंडनमध्ये माणसांचे दोनच प्रकार होते : भिंत देणारे शांत आणि भिंत घेणारे भांडखोर. आता प्रत्येक जण उजवीकडून चालतो, त्यामुळे वाद होत नाही, असंही तो म्हणे. १७६२ च्या कायद्याने लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात फरसबंदीची कामं सुरू झाली, फुटपाथ उंच झाले, गटारं कडेला गेली. पुरुषापुरुषांतली चढाओढ विझली. बाईला आतली बाजू देणं तेवढं शिष्टाचारात उरलं. अमेरिकन लेखिका एमिली पोस्ट हिच्या १९२२ च्या शिष्टाचारावरील पुस्तकात नियम स्पष्ट आहे : एक बाई असो वा दोन, पुरुष फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला, दोघींच्या मध्ये त्याने घुसू नये.

उजवा हात तलवारीसाठी मोकळा राहावा म्हणून हे सुरू झालं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते जुळत नाही. तलवारीसाठी बाई कायम डाव्या हाताला हवी. फुटपाथवर मात्र ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे येते; रस्ता ओलांडला की पुरुषाने बाजू बदलायची. नियम हाताला बांधलेला नाही, भिंतीला आहे.

आता मराठीचं. 'तिला भिंत दिली' निरर्थक होतं. सोबत चालणाऱ्या जोडप्यासाठी 'तिला आतल्या बाजूला घेतलं' हे बोलीतलं आणि अचूक. समोरासमोर आल्यावर 'वाट दिली', आणि मानाचा प्रश्न असेल तर 'भिंतीकडची वाट सोडली'. 'टेक द वॉल'ला 'भिंतीकडची वाट अडवली' चालेल, पण त्यात भांडणाची खुमखुमी हवी असेल तर 'भिंत सोडली नाही' जास्त ठसठशीत. एकोणिसाव्या शतकापासूनच्या लेखनात 'स्त्रीदाक्षिण्य' शोभतं. त्याआधीच्या दोन पुरुषांच्या प्रसंगात तो शब्द आणला तर अर्थच बदलतो.