मावसभावावरचा बॅन

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. दीड वर्षापासून तो माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या ऑनलाइन गेममधल्या एका सर्व्हरचा, म्हणजे खेळाडू एकत्र खेळतात त्या जागेचा, अ‍ॅडमिन आहे. अभ्यास सोडून बॅनची, म्हणजे खेळाडूंवर घातलेल्या बंदीची, कारणं लिहीत बसतो, एकेकाला अर्धं अर्धं पान. दगडाआडचे हिरे दाखवणारं एक्स-रे वापरलं म्हणून मागच्या आठवड्यात त्याने सख्ख्या मावसभावाला तीस दिवसांसाठी बॅन केलं. मेहुणीचा फोन आला म्हणून मी बॅन काढायला सांगितलं, तर साफ नकार. घरच्यांचा जो होत नाही त्याचं पुढे काय होणार? शिवाय फसवणूक आता संगणकच पकडतो, मग या कामात करिअर कसलं? दहावीला ७४ टक्के होते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला घालावं का?

उत्तर : टक्क्यांचं नंतर बघू, आधी त्या फोनबद्दल. तुमच्या मुलाकडे एक अधिकार आहे आणि नात्यासाठी त्याने तो वाकवला नाही. तुम्ही वाकवायला सांगितलंत आणि नकार आल्यावर त्याच्या स्वभावावरच शिक्का मारलात. हे मला अजिबात पटलं नाही. अ‍ॅडमिनचा कोण कोण लागतो हे रोज खेळणाऱ्यांना बरोबर माहीत असतं. भावाचा बॅन चार दिवसांत निघाला, की पुढचा प्रत्येक बॅन त्यांना वशिल्याचा वाटतो. बहुतेक जण भांडायलाही थांबत नाहीत, गुपचूप दुसरा सर्व्हर धरतात.

मोठ्या कंपन्यांनाही हे भोवलं आहे. ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन गेममध्ये, तो बनवणाऱ्या कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने अधिकार वापरून दुर्मिळ ब्लूप्रिंट (गेममधल्या वस्तू बनवायचे आराखडे) स्वतःच्या पात्राला मिळवून दिल्याचं २००७ मध्ये उघड झालं. तो खेळत होता एका बलाढ्य गटाकडून. खेळाडू इतके खवळले, की कंपनीला कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवणारा अंतर्गत विभाग नेमावा लागला आणि २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेली परिषद सुरू झाली.

मुलाचंही एक चुकलं, ते त्याला वाचून दाखवा. भावाचं प्रकरण त्याने हातात घ्यायलाच नको होतं. निर्णय बरोबर असला तरी नात्यातल्या, स्वतःच्या गटातल्या किंवा ज्याच्याशी आदल्या दिवशी वाजलं त्या खेळाडूचा निवाडा दुसऱ्या अ‍ॅडमिनने करायचा. आपण फक्त पुरावा जमा करून द्यायचा. अपीलही बॅन घालणाऱ्याकडे जाता कामा नये. खेळायचं खातं वेगळं आणि अ‍ॅडमिनचं वेगळं ठेवावं. अ‍ॅडमिनने दिलेली प्रत्येक आज्ञा, विशेषतः वस्तू निर्माण करण्याची, अशा नोंदवहीत आपोआप उतरावी जिथून त्याला स्वतःला ती पुसता येणार नाही. अ‍ॅडमिन प्रामाणिक आहे एवढ्याने खेळाडूंचं भागत नाही, त्यांना ते तपासता आलं पाहिजे.

पुराव्याचंही तसंच. कोरप्रोटेक्टसारख्या प्लगइनमध्ये, म्हणजे सर्व्हरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, कोणी, केव्हा, कुठला ठोकळा फोडला हे सगळं सापडतं. एक्स-रे वापरणाऱ्याचा बोगदा सरळ जाता जाता मध्येच वळतो आणि वळणाच्या टोकाला हिरा निघतो. एका वळणाने काही सिद्ध होत नाही, कारण शेजारची गुहा दिसली म्हणूनही माणूस वळतो. दहापैकी आठ वळणं हिऱ्यावरच संपली आणि आसपास गुहा नाही, तर मात्र बोलायला जागा आहे. बॅनच्या नोंदीत नियम, वेळ, ही ठिकाणं आणि मुदत एवढं हवंच. आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, बॅन तर घालूच नये. एकाच जोडणीवर भाऊ-बहीण किंवा अख्खं वसतिगृह असू शकतं. मुळात पेपर या सर्व्हर-सॉफ्टवेअरमधलं अँटी-एक्सरे सुरू केलं, तर दडलेल्या हिऱ्याच्या जागी खेळाडूच्या संगणकाला साधा दगडच पाठवला जातो. जे दिसायला नको ते पाठवायचंच नाही, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत न्याय्य व्यवस्था.

आता ‘संगणकच पकडतो’ या समजाबद्दल. समजा १०,००० खेळाडू आहेत, त्यांत १०० फसवणारे, आणि चाचणी ९९ टक्के अचूक. ती ९९ फसवणारे पकडेल. पण ९,९०० प्रामाणिकांपैकी एक टक्का, म्हणजे आणखी ९९ जण, तिच्या जाळ्यात येतील. यादीत १९८ नावं, त्यांतली निम्मी निर्दोष! हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात जुलै २०१० मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या व्हॅक या फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेने मॉडर्न वॉरफेअर २ या गेमचे सुमारे १२,००० खेळाडू चुकून बॅन केले. व्हॉल्व्हचं गेम उतरवून देणारं सॉफ्टवेअर, स्टीम, डिस्कवरची फाइल अपडेट करत होतं आणि मेमरीत जुनी चालू होती. दोन्ही जुळेनात, म्हणून यंत्रणेला छेडछाड वाटली. कंपनीने बॅन उठवले, माफी मागितली, वर प्रत्येकाला लेफ्ट फॉर डेड २ हा दुसरा गेम फुकट दिला. यंत्राने बोट दाखवल्यावर ‘थांबा, हा नसेल’ म्हणणारा माणूस लागतो, आणि तशी माणसं मुबलक नाहीत.

इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा त्याला द्यायची असेल तर देऊ दे, तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. अँटी-चीट, म्हणजे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, लिहायचं असेल तर सी प्लस प्लस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्किंगला पर्याय नाही. पण तुमच्या पत्रात कोड लिहिण्याचा उल्लेख एकदाही नाही. मुलगा अर्धं पान कारणं लिहितो, असं तुम्हीच तक्रारीच्या सुरात सांगता. दोन्ही बाजू ऐकून लेखी निर्णय देण्याची ही सवय कायद्याच्या किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याची आहे. खेळाडूंच्या तक्रारी, फसवणूक आणि सुरक्षितता सांभाळणारे ‘ट्रस्ट अँड सेफ्टी’ विभाग मोठ्या गेम कंपन्यांत असतात, आणि बँका व पेमेंट कंपन्यांतही जवळपास हेच काम चालतं. तिथे एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधायची भाषा), संभाव्यतेचं गणित आणि स्वच्छ लेखन लागतं. म्हणून ‘इंजिनीअरिंगला घालावं का’ हे मला विचारण्याआधी त्याला विचारा, की या कामातलं तुला काय आवडतं? पकडणं, आकडे लावणं की निवाडा लिहिणं? उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. त्याच्या नोंदींपैकी तीन, खेळाडूंची नावं काढून, त्याला नीटनेटक्या लिहून ठेवू द्या. एखादी त्याच्याच चुकलेल्या बॅनची असावी. मुलाखतीत या नोंदी गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतील.

अभ्यासाबद्दलची तुमची तक्रार मात्र रास्त आहे. अ‍ॅडमिनच्या पाळ्या लावून घ्यायला सांगा, आणि त्याची पाळी रात्री दहानंतर नको.

राहिला भाच्याचा प्रश्न. मेहुणींना सांगा, अपील त्याने स्वतः लिहावं : खात्याचं नाव, तारीख, त्या वेळी कुठे खणत होता आणि ती वळणं का घेतली. ते दुसऱ्या अ‍ॅडमिनकडे जाऊ दे. निकाल येईपर्यंत घरात हा विषय तुम्ही काढू नका.