राजीनाम्याची हळहळ आणि आणखी एक प्रयत्न

प्रिय विद्यार्थी मित्र,

2019 मध्ये चाकणच्या कंपनीतील नोकरी सोडून तुम्ही राज्यसेवेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत आलात, दोनदा मुख्य परीक्षेत थोडक्या गुणांनी मागे राहिलात आणि आता ‘राजीनामा दिला नसता तर’ या एकाच विचारात अभ्यासिकेत पुस्तक उघडे ठेवून तासन्‌तास बसून असता. घरखर्च धाकटा भाऊ उचलतो, म्हणून गावी जाणेही टाळता. तुमचे पत्र मी पुन्हापुन्हा वाचले.

राजीनामा आज ढळढळीत चूक वाटतो, कारण त्याचा निकाल आज तुमच्यासमोर आहे. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना 1814 च्या इंग्रज-गुरखा युद्धाचा वृत्तान्त वाचायला दिला होता. ज्यांना युद्धाचा शेवट सांगितला गेला, त्यांना तो इतरांपेक्षा अधिक संभवनीय वाटला आणि आपले मत त्या माहितीने बदलले आहे, हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. तुमचेही तसेच होत आहे. एप्रिल 2020 साठी ठरलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली जात अखेर 21 मार्च 2021 रोजी होईल, हे राजीनामा लिहिताना कोणाला ठाऊक होते? हाताशी शिल्लक होती, घरच्यांची संमती होती, असे तुम्हीच लिहिता. त्या निर्णयासाठी स्वतःला दोष देणे थांबवा.

दुसऱ्या एका गोष्टीची हळहळ मात्र मी पुसून टाकणार नाही. दोन्ही वेळा गुणपत्रिका ‘बघवली नाही’ आणि किती प्रयत्न करायचे हे कधी ठरवलेच नाही, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच, कारण ती चूक तुमच्या हातातली होती आणि आजही दुरुस्त होऊ शकते.

खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 असल्याने ‘आणखी एकदा’ म्हणायला वाव राहतो. पण तो प्रयत्न प्रशासनात काम करण्याच्या ओढीने होणार आहे, की गेलेली वर्षे वाया गेली नाहीत हे सिद्ध करण्यासाठी? दुसरे कारण असेल, तर आणखी वर्षे जातील आणि हळहळ वाढेल. शिवाय 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरे लिहून काढण्याची, झाली आहे. त्यामुळे जुन्या पद्धतीत काही गुणांनी हुकलेली संधी आता तितकीच जवळ आहे, असे धरून चालता येणार नाही. एखाद्या जुन्या विषयावर वेळ लावून एक उत्तर लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. त्यातून बरेच स्पष्ट होईल.

भावाशीही बोला. माफी मागण्यापेक्षा, त्याच्यावरचा भार कोणत्या महिन्यापर्यंत राहील हे त्याला सांगता आले, तर ते त्याच्या अधिक उपयोगाचे ठरेल. नोकरीकडे वळायचे ठरल्यास अर्जात मधल्या वर्षांचे कारण सरळ लिहा, लपवू नका. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हे सारे बाजूला ठेवून आजच 14416 या शासनाच्या मोफत टेलिमानस सेवेला फोन करा.

दोन्ही गुणपत्रिका आणि ते तपासलेले उत्तर मला पाठवा. शेवटचा प्रयत्न करायचा की नाही, हे आपण ते समोर ठेवून ठरवू.