लांब पल्ल्याचा ट्रक दोघांनी मिळून चालवण्याचे फायदे-तोटे काय?

एक जण चालवतो, दुसरा मागच्या बर्थवर झोपतो आणि गाडी जवळपास थांबतच नाही, हा मुख्य फायदा. अमेरिकेत सलग १० तास विश्रांती झाल्यावर एका ड्रायव्हरला जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं. दोघं असले की अंतर दुपटीच्या जवळ जातं. त्यामुळे घाईचा माल अशा जोड्यांना मिळतो. गाडी मागे घेतानाही दुसऱ्याचा आधार होतो.

खरी अडचण झोपेची. चालत्या गाडीत डोळा लागतो, पण गाढ झोप होत नाही. ब्रेक लागला की अंग पुढे सरकतं, खड्डा आला की जाग येते. अशा अर्धवट झोपेनंतर पहाटे स्टिअरिंगवर बसणं धोक्याचं आहे. त्यात जोडीदाराच्या चालवण्यावर भरवसा नसेल तर झोप विसराच. आणि बर्थचा पट्टा लावल्याशिवाय आडवं होऊ नका, कृपा करून.

पैशाचं आधी विचारा: किलोमीटरचा दर दोघांत वाटला जातो की प्रत्येकाला वेगळा मिळतो?

नवरा-बायको किंवा जुने मित्र असाल तर जरूर करा. अनोळखी माणूस असेल तर आधी एखादी छोटी फेरी मारा. ‘झोप येतेय’ म्हणून तो स्वतःहून गाडी बाजूला घेतो का, तेवढं बघा.